माशांचं मीठ, बाबांचं मीठ

घरात समुद्र आणायची कल्पना माझी नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. ती माझ्या मामेभावाची. बाबांचं ब्लडप्रेशर वाढलं, डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या आणि मन शांत ठेवा म्हणून सांगितलं. लालबागमध्ये राहून मन शांत कसं ठेवायचं, हे मात्र चिठ्ठीत नव्हतं. मामेभावाने कुठेतरी वाचलं होतं की पोहणारे मासे बघत बसलं की प्रेशर उतरतं. त्याने बाबांच्या वाढदिवसाला हॉलमध्ये टीव्हीशेजारी काचेची मोठी टाकी बसवून दिली आणि पुढच्याच आठवड्यात बदली घेऊन पुण्याला गेला. आमच्या गळ्यात शांतता मारून तो सुटला.

बरं, साधे गोड्या पाण्यातले मासे द्यायचे, तर ते नाही. "काका कोकणातले, त्यांना समुद्रातलेच पाहिजेत," असं त्याचं म्हणणं. म्हणून केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश आले, लाल पट्ट्यांच्या दोन नाजूक कोळंब्या आल्या आणि काचेवरचं शेवाळ खाणाऱ्या चार-सहा गोगलगायी. आमच्या घराण्याची समुद्राशी ओळख आजवर ताटातच झालेली. आईने कोळंबीकडे निरखून बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्या मोठ्या होतात का रे?"

घरात आम्ही तिघं. बाबा माझगावच्या गोदीत फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आई आयुष्यभर घर आणि शिवणाचं मशीन चालवत आली. आणि मी, घटस्फोट घेऊन पुन्हा माहेरी येऊन बसलेली, चाळिशी उलटलेली लेक. आमची चाळ पाडून तिथे टॉवर झाला, त्यात सतराव्या मजल्यावर आम्हाला जागा मिळाली. मी एका विमा कंपनीत खोटे क्लेम पकडायचं काम करते. समोरचा माणूस थापा मारतोय असं धरून चालायचा मला पगार मिळतो, आणि ही सवय ऑफिसातून निघताना टेबलावर ठेवून येता येत नाही.

टाकी आली तशी पहिली अडचण स्वयंपाकघरात उभी राहिली. आईचा ओटा आणि टाकी समोरासमोर. बुधवारी ती बांगडे साफ करायला बसली आणि दोन्ही क्लाउनफिश काचेला नाक लावून बघत राहिले. बिचाऱ्यांना खाणं दिसलं असणार, पण आईला वाटलं ते शोकसभेला जमलेत. तेव्हापासून बुधवार, शुक्रवार आणि रविवार टाकीवर जुनं बेडशीट पडायला लागलं. बेडशीटखाली मासे शांत, बाहेर आम्ही तिघं बांगड्याचे काटे चोखत बसलेले. आई म्हणायची, "त्यांच्यातले नातेवाईक असतील, कोणाचं मन दुखवायचं कशाला?" पण बांगड्याचं तिखलं कमी झालं नाही.

दुसरी अडचण पाण्याची. टाकीसाठी दुकानातून बादलीभर खास मीठ आलं होतं, ते मोजून पाण्यात कालवायचं. समुद्र बसच्या अंतरावर असताना मीठ विकत आणायचं, ह्याचा बाबांना भयंकर राग आला. "वडाळ्याला मिठागरं, गिरगावला चौपाटी, आणि आम्ही डब्यातलो समुद्र ढवळतो," असं म्हणून ते एका सकाळी दोन कॅन घेऊन गिरगावला गेले आणि भर पावसाळ्यातलं चौपाटीचं पाणी घेऊन आले. रंग चहासारखा होता, वास मात्र चहाचा नव्हता. मामेभावाने दिलेल्या पेटीतले थेंब टाकून मी ते तपासलं. अमोनियाचा रंग पिवळा राहायला हवा, तो बघता बघता गडद हिरवा झाला. खारेपणही भलताच कमी, कारण पावसाचं आणि नाल्यांचं पाणी त्यात मिसळलेलं. त्या पाण्यात जो मासा जगेल त्याला बिनविरोध निवडून द्यायला हरकत नाही, असं मी म्हटलं. बाबांनी गुपचूप दोन्ही कॅन संडासात ओतले आणि आईने पुढे दोन दिवस फिनेल ओतलं.

त्यानंतर बाबांनी तो सगळा विषय मनावर घेतला. पेटीत एक छोटी दुर्बिणीसारखी नळी होती. तिच्या टोकाला काच. काचेवर टाकीतलं थेंबभर पाणी टाकायचं, नळी उजेडाकडे धरून आत बघायचं, की निळी रेघ कुठल्या आकड्यावर आली त्यावरून पाण्याचा खारेपणा कळतो. पस्तीसच्या आसपास असला की मासे खूश. बाबांचा जन्म गेजवरचे काटे वाचण्यात गेलेला. रोज सकाळी ते चहाच्या आधी खिडकीशी उभे राहून एक डोळा मिटायचे आणि जाहीर करायचे, "आजचो आकडो बरोबर आसा." समोरच्या टॉवरमधल्या बाईने एकदा सोसायटीत तक्रार केली की सतराव्या मजल्यावरचे आजोबा दुर्बीण लावून बघतात. बाबा तिला नळी दाखवायला गेले आणि अर्धा तास क्षार ह्या विषयावर बोलून आले. ती बाई पुन्हा कधी खिडकीत दिसली नाही.

पण आकडा बरोबर राहीना. तो रोज थोडा थोडा चढत होता. बाबांनी विचार केला की पाणी कमी होतंय, म्हणजे समुद्र कमी होतोय, म्हणजे समुद्रच वाढवला पाहिजे. त्यांनी खारं पाणी कालवून वरून भरलं. आकडा आणखी चढला. मासे कोपऱ्यात जाऊन भरभर कल्ले हलवायला लागले आणि खाणं तोंडात घेऊन थुंकायला लागले. मी बाबांना टॅक्सीत घालून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या दुकानात नेलं. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, पानी उडता है, नमक थोडी उडता है! वरून भरायचं ते गोडं पाणी. और एकदम नहीं डालने का. हळूहळू. एकदम बदललं तर मासा शॉकनेच जाईल."

घरी येऊन बाबांनी बाटलीला सलाईनची नळी लावली आणि थेंब थेंब गोडं पाणी सोडायला सुरुवात केली. आईला ते बघवेना. "पाणीच घालायचंय ना, एक तांब्या ओता आणि मोकळे व्हा," ती म्हणाली. बाबांनी तिला खुर्चीवर बसवून समजावलं की माशाच्या अंगात एक पाणी असतं आणि बाहेर एक, दोघांचा मेळ त्याचा त्याला घालावा लागतो, त्याला वेळ द्यायला नको का? लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांनी आईला इतकं शांतपणे काही समजावलेलं मी पहिल्यांदा बघितलं. दोन-तीन दिवसांत आकडा खाली आला आणि मासे खायला लागले.

मग कोळंब्या मेल्या. दोघी, पाठोपाठ. मागून गोगलगायी उलट्या पडल्या. क्लाउनफिश ठणठणीत. खारेपण बरोबर, अमोनिया नाही, ऊब बरोबर. मी ऑफिसात करते तशी घरातल्या दोघांची उलटतपासणी केली आणि कारण सापडलं. घरातलं सगळ्यात चांगलं पाणी म्हणजे आईने रात्रभर तांब्याच्या कळशीत ठेवलेलं पाणी. ते सकाळी उपाशीपोटी बाबा पितात, पोट साफ होतं, कांती सुधारते वगैरे. बाबांनी टाकीत वरून भरायला रोज तेच वापरलं होतं. आपल्याला औषध ते लेकरांनाही. दुकानदाराने फोनवर सांगितलं की तांब्याचा नुसता अंश कोळंबीला आणि गोगलगायीला विष असतो, मासे तेवढे तग धरतात. आईने कळशीकडे असं बघितलं की जणू ती घरात राहून हेरगिरी करत होती. कोळंब्यांना तिने तुळशीच्या कुंडीत पुरलं. "खाल्ल्या असत्या तर निदान सार्थक झालं असतं," असंही म्हणाली, आणि म्हणताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

ह्या सगळ्यात बाबांच्या मिठाचं काय चाललं होतं, ते आता सांगते. डॉक्टर म्हणाले होते, मीठ कमी करा. महिनाभराने रक्त तपासून घ्या, असंही म्हणाले होते, पण प्रेशर छान उतरलं तेव्हा रक्ताची कोणाला आठवण? आमच्या आईला 'कमी' हा शब्द कळतच नाही. तिच्याकडे एखादी गोष्ट असते किंवा सोडलेली असते. आषाढी एकादशीला तिने देव्हाऱ्यासमोर उभं राहून गावच्या देवीला बोललं की ह्यांचं प्रेशर ताळ्यावर ठेव, चातुर्मास संपेपर्यंत ह्यांच्या अन्नात मिठाचा कण पडणार नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा तिने नवस करून टाकला. तेव्हापासून ओट्यावर दोन टोप चढायला लागले, एक माझा मिठाचा आणि एक अळणी. वर प्रेशरच्या दोन गोळ्यांतली एक लघवीवाटे मीठ बाहेर काढणारी, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. आणि कळशीचं पाणी पोटभर, ते चालूच.

मला त्याची काळजी वाटली नाही, कारण बाबा ते पाळतायत ह्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. हा माणूस पत्त्यांत चिटिंग करतो. उपवासाला साबुदाण्याखाली अंडं लपवून खाल्लेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. धुवायला टाकलेल्या त्यांच्या सदऱ्याच्या खिशात खाऱ्या दाण्यांच्या पुड्या सापडायच्या, रिकाम्या, कागदाला मीठ चिकटलेल्या. मी मनात हसले आणि आईला बोलले नाही. म्हातारा कट्ट्यावर दाणे हाणतोय, देवी फसली, सगळ्यांचं भलं झालं, असा मी निकाल देऊन फाईल बंद केली.

श्रावणात बाबा मंद झाले. जेवणावरून उठून जायचे, दुपारभर लोळायचे, बोलताना मधेच थांबायचे. आई म्हणाली, अळणी खाऊन रुसलेत. मी म्हटलं, वय झालं. एका सकाळी त्यांनी नळीच्या काचेवर टाकीतल्या पाण्याऐवजी चहाचा थेंब टाकला, खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "आकडो बरोबर आसा." आम्ही दोघी पोट धरून हसलो. तेही हसले, पण आम्ही कशाला हसतोय हे त्यांना कळलं नव्हतं, आणि ते मला दिसलं होतं. दिसूनही मी लिफ्टकडे धावले, कारण मीटिंग होती.

त्याच आठवड्यात टाकीतलं पाणी बोटभर खाली उतरलेलं मला दिसलं. आकडा चढलेला, मासे पुन्हा कोपऱ्यात. मी बाबांवर तोंड सोडलं. रोजचं एक काम, तेही होत नाही? मुके जीव मारायचेत का? ते कॉटवर बसून माझ्याकडे बघत होते. मासा खात नाही, कोपऱ्यात बसतो, त्याची हालचाल मंद झाली म्हणजे पाण्यात बिघाड, हे मला तोंडपाठ होतं. तीच सगळी लक्षणं समोर सदरा घालून बसली होती, तर मला आळस दिसला. बाबा उठले, टाकीकडे दोन पावलं गेले आणि काचेला धरत धरत खाली बसले. "काय गो, बोट हलता मां?" त्यांनी मला विचारलं. आम्ही बोटीवर नाही, सतराव्या मजल्यावर होतो. मला तेव्हा भीती वाटली, इतकी की फोनचं लॉक दोनदा चुकलं.

परळच्या इस्पितळात एक तरुण डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. बाबांच्या रक्तातलं सोडियम, म्हणजे मिठाचं प्रमाण, खूप खाली गेलं होतं. त्यामुळे मेंदूला सूज, त्यामुळे हा गोंधळ. वेळेवर आणलंत, म्हणाल्या, पण धोका टळलेला नाही. "काका बाहेरचं काही खातात का?"

मी म्हटलं, "खातात हो. चोरून खारे दाणे खातात."

"खात असते तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या.

दुपारी बाबांचे कट्ट्यावरचे मित्र आले, गोदीतलेच, जाड चष्म्याचे. मी त्यांना दाण्यांचं विचारलं, जरा पोलिसी थाटातच. ते म्हणाले, "दाणे? रोज घ्यायचा ना. आम्हाला वाटून टाकायचा आणि पुडी हुंगून खिशात ठेवायचा. एक दाणा तोंडात टाक म्हटलं तर शिव्या द्यायचा. बायकोने देवीला बोललंय म्हणे." मी इतकी वर्षं लोकांचे पुरावे तपासतेय आणि घरातला तपासला नाही. माझ्याच हातातून नुसत्या हुंगलेल्या पुड्या गेल्या होत्या.

आई हे सगळं ऐकत होती. तिने पर्समधून एक कागदाची पुरचुंडी काढली, त्यात मीठ होतं. घरून निघताना तिने ते कशाला घेतलं असेल, देव जाणे, बहुतेक दृष्ट काढायला. ती सरळ बाबांच्या कॉटकडे निघाली. सिस्टर आडव्या आल्या. डॉक्टरीणबाई समजावायला लागल्या की मीठ एकदम वाढवलं तर मेंदूला कायमची इजा होते, ते सलाईनमधून मोजून, हळूहळूच चढवावं लागतं, दर थोड्या वेळाने रक्त तपासून. मला वाटलं आई आता भांडणार. ती थबकली. सलाईनच्या बाटलीकडे आणि पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिली.

"माशासारखं," ती म्हणाली. "कळलं. सोडा हळू. मी बसते."

आणि ती बसली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच सांगायची की आत एक पाणी असतं आणि बाहेर एक, दोघांचा मेळ त्याचा त्याला घालू द्यावा लागतो. माझी चुलत आत्या म्हणाली, मेलं दोन चमचे मीठ पाजून टाका. आईने तिला व्हरांड्यात नेऊन काय सुनावलं माहीत नाही, पण आत्या पेढ्यांचा पुडा आमच्याकडे न देताच गेली. बाबा आधी गोदीतल्या बोटींबद्दल बोलत होते, मग माझं लहानपणीचं नाव घेतलं, मग एका सकाळी डोळे उघडून स्पष्ट विचारलं, "टाकीत पाणी कोणी भरल्यान?" मी भरलं होतं, फिल्टरचं, थेंब थेंब. मी हो म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडून आले.

डॉक्टरांनी ती गोळी बंद केली आणि नेहमीसारखं बेताचं मीठ द्या म्हणून सांगून घरी सोडलं. आता आईची पंचाईत झाली. चातुर्मास अर्धाही सरला नव्हता. शब्द मोडला तर देवी कोपणार, आणि कोप होणार तो बाबांवर, अशी तिची पक्की समजूत. त्या भीतीने तिचा चेहरा इस्पितळात होता त्यापेक्षा जास्त उतरला. मी म्हटलं, देवी काय आमची कंपनी आहे का, बारीक अक्षरातल्या अटी दाखवून क्लेम फेटाळायला? आईने माझ्याकडे लक्षच दिलं नाही. सकाळपासून ती देव्हाऱ्यासमोर उभी राहायची, पुन्हा ओट्याशी यायची. शेवटी तिने बाबांसाठी कुळथाची पिठी केली, भात केला, पान मांडलं आणि डाव्या हाताला चिमूटभर मीठ वाढलं. वाढताना तिचे ओठ हलत होते. माफी मागत होती की दम देत होती, मला कळलं नाही.

मी बाबांना सहज चिडवलं, "काय हो, जन्मात कुठला नियम पाळला नाहीत, आणि देवीला एवढे घाबरलात?"

"देवीक कोण भिता?" बाबा म्हणाले. आवाज अजून बारीक होता. "ही माझ्याच टोपातला जेवता गो. मगे मी भायर कसो खातलंय?"

मी आईकडे बघितलं. आमच्या घरात ती सगळ्यांत शेवटी, ओट्याशी उभ्याउभ्या जेवते. ती काय जेवते हे मी कधी बघितलंच नव्हतं. आषाढीपासून तीही अळणीच खात होती, आणि ते एकट्या बाबांना माहीत होतं.

"आज तरी बस," बाबा म्हणाले. मी तिच्यासाठी दुसरं पान घेतलं. ती अवघडून खुर्चीच्या कडेवर टेकली. तिच्या पानात मीठ नव्हतं. बाबांनी आपल्या पानातलं अर्धं मीठ दोन बोटांनी उचललं आणि तिच्या भाताशेजारी ठेवलं. "घे. पाप लागला तर दोघांक लागांदे."

आईने मिठाकडे बघितलं. मग ती उठली, पान उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला गेली, देव्हाऱ्याकडे पाठ होईल अशी बसली आणि जेवायला लागली.